हनोईत ‘का त्रू’ ऐकायला बसताना

हनोईच्या जुन्या वस्तीत ‘पारंपरिक संगीत’ असं लिहिलेली तिकिटं पावलोपावली मिळतात. त्यातली बरीचशी पाण्यावरच्या बाहुल्यांच्या खेळाची असतात आणि तिथे वाजतं ते चेओ या लोकनाट्याचं संगीत. उरलेली बहुतेक मिश्र कार्यक्रमांची. तासाभरात थोडं चेओ, थोडं देवीच्या उपासनेतलं गाणं, एखादा बांबूच्या वाद्यांचा तुकडा आणि मध्येच पाच-सात मिनिटं का त्रू, म्हणजे उत्तर व्हिएतनाममधली कविता गाण्याची जुनी बैठकीची गायकी. अशा कार्यक्रमाला जाऊन का त्रू ऐकलं असं म्हणता येत नाही, कारण या गाण्याला कान लागायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात. तिकीट काढण्याआधी एवढंच विचारावं की पूर्ण वेळ फक्त का त्रूच आहे ना. विचारताना मात्र ‘का चू’ म्हणावं, च चहातला. हनोईत ‘त्र’चा उच्चार तसाच होतो. ‘त्रू’ म्हटलं की समोरचा नुसता बघत राहतो.

युनेस्कोने २००९ साली का त्रूला तातडीने जतन करण्याच्या यादीत घातलं. त्याच वर्षी उत्तर व्हिएतनाममधलंच क्वान हो हे गाणंही युनेस्कोच्या यादीत गेलं, पण ते साध्या, प्रातिनिधिक यादीत. क्वान होला गावंच्या गावं गाणारी आहेत, श्रोते आहेत. का त्रूचं तसं नाही. युनेस्कोच्या नोंदीत या गायकीचे ५६ प्रकार सांगितले आहेत. आज हनोईतल्या मंडळांच्या कार्यक्रमांत त्यातले मोजकेच कानावर पडतात.

ही मंडळं फार जुनी नाहीत. हनोईतलं का त्रूचं पहिलं मंडळ १९९१ साली सुरू झालं, थांग लाँग मंडळ २००६ साली. थाय हा मंडळ हे एकाच घराण्याचं, पिढ्यानपिढ्या गाणारं. कार्यक्रम जुन्या वस्तीतल्या एखाद्या मंदिरात किंवा जुन्या लांबट घरात होतात. हांग बुओम रस्त्यावरचं क्वान देचं मंदिर हे त्यातलं एक ओळखीचं ठिकाण. पण जागा आणि वार बदलत राहतात, म्हणून हॉटेलातल्या जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नये. ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी दुपारी फोन करून खात्री करावी.

वार निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी जुन्या वस्तीतले बरेच रस्ते वाहनांना बंद करून चालणाऱ्यांसाठी मोकळे ठेवतात, हांग बुओमही त्यात येतो. मग चौकाचौकात स्पीकर लागतात. लाकडी दरवाज्याआडून बास गिटारचे ठोके आत येतात आणि का त्रूमधले बारीक आवाज त्यात बुडून जातात. जमत असेल तर मंगळवार-बुधवार बघावा.

पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचणं फायद्याचं, ते केवळ जागेसाठी नाही. वाद्य लावणं ऐकायला मिळतं. दान दाय नावाचं तीन तारांचं वाद्य गायिकेच्या त्या दिवशीच्या आवाजाला धरून लावतात, ठरलेली पट्टी नसते. तीन तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, म आणि त्या मचा म, म्हणजे कोमल नी. हे तीन स्वर कानात घट्ट बसवून घ्यावेत, कारण पुढे तंबोरा नाही, सूरपेटी नाही, मागे धरून ठेवलेला षड्ज कुठेच नाही. मराठी कानाची पहिली पंचाईत इथेच होते. आधाराचा सूर सापडत नाही म्हणून गाणं बेसूर वाटायला लागतं. ते बेसूर नसतं. आधार तारांत आहे आणि तार अधूनमधूनच बोलते.

बसायला पहिली ओळ नको. गायिकेपासून तीनेक मीटरवर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत, दान दायच्या बाजूला बसावं. फार पुढे बसलं तर बांबूवरचे ठोके एवढे जवळ येतात की आवाजातलं बारीक काम झाकलं जातं. मायक्रोफोन लावलेला असेल तर तो कुठे आहे ते आधी पाहावं. एकच माइक गायिका आणि तिच्या पुढ्यातला बांबू यांच्यामध्ये ठेवला असेल तर स्पीकरमधून निव्वळ टकटक येणार. अशा वेळी स्पीकरपासून जितकं लांब आणि गायिकेच्या जितकं जवळ बसता येईल तितकं बरं, पहिली ओळ सुद्धा चालेल. शक्य असेल तर माइक नसलेली बैठकच शोधावी. हे गाणं खोलीसाठीच घडलेलं आहे.

चटईवर तीन माणसं बसतात. मधली गायिका: मांडी घातलेली, पाठ ताठ, चेहरा जवळजवळ निश्चल. तिच्यापुढे बांबूचा किंवा लाकडाचा आडवा तुकडा, त्याला फाइक म्हणतात. एका हातात एक अखंड काठी, दुसऱ्या हातात उभी चिरून दोन केलेली काठी. अखंड काठीचा ठोका नेमका, टणक पडतो. चिरलेल्या जोडीचा किंचित फाटका, पसरट. म्हणजे गायिका स्वतःच ठेका वाजवते आणि गाते. गाणं शिकणाऱ्या मुलीला आधी हे फाइक हातात बसवावं लागतं.

तिच्या एका बाजूला दान दाय. पेटी चौकोनी, एका टोकाला जराशी निमुळती, मागची बाजू उघडी. मान मात्र मीटरभराहून लांब. पडदे मानेच्या वरच्या टोकापासून सुरू होत नाहीत, जवळपास अर्ध्यावरून पुढे येतात, म्हणून सूर खालचा, भरीव येतो. तारा पूर्वी रेशमाच्या होत्या, आता नायलॉनच्या. पडदे उंच आणि तारा सैल असल्यामुळे वादक तार दाबून वर ओढतो तसाच ती घोडीकडे ढकलून ढिलीही करतो. मग स्वर जागच्या जागी खाली उतरतो. सतारीवर मींड ऐकून तयार झालेल्या कानाला तारेचा असा ढिला पडत जाणारा आवाज आधी चूकच वाटतो. ती या वाद्याची खासियत आहे, तिची वाट पाहावी.

तिसरा माणूस ढोलवाला. खरं तर त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त लिहायला हवं. ढोल लहानसा, वीतभर उंचीचा, दोन्ही तोंडांना चामडं, पुढ्यात आडवा ठेवलेला. हातात एक बारीक लांब काठी. पहिल्यांदा ऐकणारा त्याला तालवादक समजतो आणि तिथूनच सगळं चुकत जातं. तो ठेका देतच नाही. ठेका फाइकवर आहे. का त्रूच्या मूळ रीतीत हा ढोल वाजवणारा मंडळातला नसेच. तो श्रोता असे: यजमान किंवा जमलेल्यांतला सगळ्यात जाणकार माणूस, बहुधा स्वतः कविता करणारा. कुठून सुरू करायचं ते तो ढोलावर सांगे, ओळ संपली की ठोक्याने विराम देई, आणि जागा आवडली की ढोलाच्या लाकडी कडेवर काठी मारून दाद देई. चामड्यावरचा आवाज ‘तॉम’, लाकडावरचा ‘चात’. जुन्या हनोईत या गाण्याच्या शौकालाच थट्टेने ‘तॉम-चात’ म्हणत.

दाद नुसती तोंडदेखली नव्हती. पूर्वी गायिकेला बांबूच्या पट्ट्या मिळत, त्या बैठक संपल्यावर मोजून तितके पैसे दिले जात. आपल्याकडच्या दौलतजाद्यासारखाच व्यवहार, फक्त नोटेऐवजी बांबू आणि उधळणाऱ्याच्या जागी ढोल वाजवणारा जाणकार. त्यामुळे ढोलावर बसणं जोखमीचं होतं. चुकीच्या जागी दाद दिली की गायिकेला कळे, वादकाला कळे, आणि खोलीतल्या बाकीच्यांनाही कळे.

आज मंडळाच्या कार्यक्रमात ढोलावर मंडळातलाच माणूस बसतो. तो चांगला वाजवतो, प्रश्न तो नाही. त्याला पुढची प्रत्येक जागा पाठ असते, कारण तालमीत ती ठरलेली असते. म्हणजे ऐकणाऱ्याचं कामसुद्धा आता सादरीकरणाचा भाग झालं आहे. गायिका तयार करायला वेळ लागतो, पण मंडळं ते करताहेत, तरुण मुली शिकताहेत. कवितेचे नियम, फाइकचे नमुने आणि आवाजाची बारकाई हे सगळं एका वेळी कळून जागच्या जागी निर्णय घेणारा श्रोता कोण तयार करणार? युनेस्कोच्या यादीने ही जागा भरून निघालेली नाही.

प्रत्यक्ष गाणं सुरू झालं की एकाच वेळी सगळं ऐकायच्या फंदात पडू नये. थर एकेक करून धरावेत.

आधी फक्त फाइक. त्यात सम शोधू नये. आवर्तन आहे असं धरून बसलं की दोन-तीन मिनिटांत वैताग येतो. फाइकवर पाच मूळ नमुने आहेत; ते एकामागून एक, कधी दाट, कधी विरळ येतात आणि आवाज त्यांच्यावर बसत नाही, त्यांच्या मधल्या फटींतून निघतो. डोळे गायिकेच्या हातावर ठेवले तर हे लवकर उमगतं. अखंड काठी कधी पडते आणि चिरलेली कधी, एवढंच पाहत राहावं. साधारण दुसऱ्या रचनेपर्यंत एखादा नमुना पुन्हा आलेला ओळखू येतो.

मग दान दाय. ओळींच्या मध्ये गायिका थांबते आणि तार, फाइक, ढोल एवढंच वाजत राहतं. या रिकाम्या जागेत तिघांचा संबंध सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो. अनेकजण नेमके याच वेळी आपापसांत बोलतात.

आवाजाकडे त्यानंतर यावं. गायिका तोंड जेमतेम उघडते. लांब ताना नाहीत, आवाज फेकणं नाही. श्वास आत धरून ठेवलेला, आणि स्वराच्या शेवटी घशात बारीक बारीक दाणे फुटल्यासारखे होतात. व्हिएतनामी जाणकार त्याला दाणे पडणंच म्हणतात. ते ओळीच्या सुरुवातीला येत नाहीत. शब्द नीट उच्चारून झाला, स्वर लांबला, की शेपटीला येतात. व्हिएतनामी भाषेत एकाच अक्षराचा अर्थ त्याच्या चढउतारावर ठरतो आणि हनोईच्या बोलीत असे सहा चढउतार आहेत. चाल मोकळेपणी वरखाली नेली तर शब्दच बदलेल. त्यामुळे आधी शब्दाचा चढउतार पाळायचा आणि मग उरलेल्या जागेत सजावट. हे दाणे शेवटी का येतात, त्याचं कारण यात आहे.

ढोल सगळ्यात शेवटी. तिसऱ्या-चौथ्या रचनेच्या वेळी फक्त ‘चात’कडे लक्ष द्यावं. लाकडावरचा ठोका पडला की मागच्या दोन-चार सेकंदांत काय झालं ते आठवायचं: दाणे होते, की शब्द उशिरा टाकला होता, की तारेने उतरती जागा घेतली होती? ही सवय लागली की मग उलटं करता येतं. आपण मनात ठरवायचं, इथे दाद हवी, आणि ढोलवाला देतो का ते बघायचं. का त्रू ऐकण्याची मजा खरी इथून सुरू होते.

शब्दांची तयारी घरूनच करावी लागते. सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो तो हात नॉय हा प्रकार, बोलल्यासारखं गाणं. त्याची कविता बांधीव असते: अकरा ओळी, पहिल्या चार, मधल्या चार, शेवटच्या तीन. मधल्या भागाच्या सुरुवातीच्या दोन ओळी बहुधा अभिजात चिनी धाटणीच्या, आणि शेवटची ओळ फक्त सहा अक्षरांची. आधी कधीकधी सहा-आठ अक्षरांच्या छंदातली प्रस्तावना जोडतात. न्गुएन कोंग त्रू (१७७८–१८५८) हा दरबारी अधिकारी या प्रकारातला सगळ्यात गाजलेला कवी.

नमुना म्हणून झुओंग ख्वे या एकोणिसाव्या शतकातल्या कवीची ‘होंग होंग, त्वेत त्वेत’ घ्यावी. कार्यक्रमांत ती हमखास असते. होंग आणि त्वेत या दोन गायिका. पहिल्या चार ओळींत कवी म्हणतो, कालपरवापर्यंत यांना कशाचं काही कळत नव्हतं, पंधरा वर्षं बघता बघता गेली आणि वळून पाहतो तर या वयात आलेल्या. पाचव्या-सहाव्या ओळीत भाषा चिनी होते: मी भटकत होतो तेव्हा तुम्ही लहान, आता तुमचं लग्नाचं वय झालं आणि मी म्हातारा. मग पुन्हा व्हिएतनामीत हसणं, बोलणं, ओशाळणं. पांढरे केस आणि गुलाबी गाल समोरासमोर आल्याची अवघडलेली जाणीव. शेवटच्या सहा अक्षरांत कुणाच्या तरी तंतुवाद्याचा एकच सूर. अर्थ माहीत असला की ऐकताना दोन खुणा पकडता येतात. चिनी ओळी आल्या की चाल आणि उच्चार अधिक भारदस्त होतात, आणि ‘चात’ची शक्यता वाढते. सहा अक्षरांची ओळ मात्र इतक्या लवकर संपते की बेसावध माणसाला गाणं मध्येच तोडल्यासारखं वाटतं. टाळ्यांमध्ये क्षणभर होणारा गोंधळ बहुतेक वेळा याच जागी असतो. ढोलाचे शेवटचे ठोके होईपर्यंत थांबावं. मध्येच टाळ्या वाजवायच्या नाहीत. दाद द्यायचं काम एका माणसाला नेमून दिलेलं आहे.

फोनवर रेकॉर्डिंग करायची परवानगी मिळाली तरी हाती फारसं लागत नाही. फोनचं आपोआप आवाज कमी-जास्त करणारं तंत्र फाइकचा प्रत्येक ठोका आला की पातळी खाली ओढतं आणि दाणे नेमके त्याच क्षणी येत असतात. घरी ऐकताना आवाज दमलेला वाटतो. त्यापेक्षा जुनी ध्वनिमुद्रणं ऐकावीत. क्वाइक थी हो (१९०९–२००१) या का त्रू गायिकेचं गाणं संगीतज्ञ त्रान व्हान खे यांनी १९७६ साली मुद्रित करून परदेशी पोहोचवलं. त्या काळात का त्रू गाते असं व्हिएतनाममध्ये कुणी सांगतही नव्हतं.

ते का, याची जागा हनोईतच आहे. खाम थिएन हा रस्ता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाण्याच्या घरांनी भरलेला होता. तिथे दोन तऱ्हेच्या बायका असत. एक गाणाऱ्या, आणि दुसऱ्या गाणं न येणाऱ्या, फक्त दारू ओतायला बसवलेल्या. बाहेरच्या जगाने दोघींना एकाच नावाने हाक मारली. १९४५च्या क्रांतीनंतर ही घरं बंद झाली ती सरसकट. गायिकांनी आपला भूतकाळ शेजाऱ्यांपासून, कधी मुलांपासूनही लपवला. फाइक अडगळीत गेलं. पुढे डिसेंबर १९७२च्या अमेरिकी बाँबहल्ल्यात तो रस्ताही बराचसा जमीनदोस्त झाला. आज तिथे फिरून गाण्याची कुठलीच खूण दिसत नाही, त्यामुळे मुद्दाम जाण्यात अर्थ नाही.

देवळातलं का त्रू ऐकायचं असेल तर हनोईच्या उत्तरेला, लाल नदीपलीकडे डोंग आन्ह भागातलं लो खे गाव आहे. तिथे या कलेच्या मूळ पुरुषाची आणि त्याच्या पत्नीची पूजा होते. तिकीट, ठरलेली वेळ, इंग्रजी निवेदन यातलं काही नाही. उत्सवाच्या तिथी चांद्र पंचांगाने येतात, तेव्हा मंडळातल्या कुणाला विचारून त्यांच्याबरोबरच जावं. तिथलं गाणं देवापुढे असतं. आपल्याला नीट दिसतंय की नाही याची फिकीर कुणी करत नाही, आणि करू नये.

कार्यक्रमानंतर काही मंडळं प्रेक्षकांना वाद्यं हाताळू देतात. अशा वेळी बहुतेकजण दान दायकडे धावतात आणि दोन सूर छेडून फोटो काढतात. फाइक आणि ढोल मागावा. चिरलेली काठी घट्ट आवळून धरली तर दोन्ही फाळ्या एक होतात आणि अखंड काठीचाच आवाज येतो; बोटं जरा सैल ठेवली की तो फाटका ठोका निघतो. डाव्या-उजव्या हाताचे दोन वेगळे आवाज सलग दहा वेळा निघाले तरी पुष्कळ. ढोलावर काठी चामड्यावर आपटून तिथेच दाबून धरू नये, आवाज मरतो. मनगटातून सोडून लगेच उचलावी. कडेवर मारताना काठीचं टोक नाही, टोकाच्या जरा मागचा भाग लागला पाहिजे. गायिका एखादी ओळ म्हणून दाखवायला तयार असेल तर तिचा शब्द चालू असताना काठी हवेतच ठेवायची. नवशिके सगळे शब्दावरच मारतात.